मुलांना बागेत नेताना: आधी एक फेरी तुमची

मुलांना बागेत न्यायचं, त्यात शिकायचं काय, असं मलाही वाटायचं. मग एकदा भर दुपारी भाचीला घेऊन गेले. बागेत चिटपाखरू नव्हतं, घसरगुंडी मोकळी, आम्ही दोघी खुशीत. ती वर चढून बसली आणि किंचाळत उठली. पत्रा चांगलाच तापला होता. फोड आला नाही हे नशीब, पण नंतर पंधरा दिवस ती घसरगुंडीकडे फिरकली नाही. बाग मोकळी का होती, ते तेव्हा कळलं.

म्हणून सुरुवात वेळेपासून. सकाळी 10च्या आत किंवा दुपारी 4 नंतर जा. मधल्या वेळात उन्हातले अतिनील किरण सर्वांत प्रखर असतात. आणि मुलाची झोपेची वेळ टाळा. पेंगुळलेलं मूल बागेत रमत नाही, नुसतं रडतं.

पिशवी हलकी ठेवा. पाणी, टोपी, कपड्यांचा एक जास्तीचा जोड, जुना टॉवेल, दोन-चार चिकटपट्ट्या. टॉवेल दव पडलेली घसरगुंडी पुसायलाही कामी येतो. घरचं खेळणं न्यायचंच असेल, तर दुसऱ्या मुलाने मागितल्यावर देता येईल असं न्या. जिवापाड जपलेली गाडी घरीच बरी.

कपड्यांत मात्र थोडं लक्ष घाला. पायात बंद बूट हवेत. टोपीच्या जॅकेटची लोंबती नाडी, मफलर, गळ्यातली माळ हे सगळं काढून ठेवा. घसरगुंडीच्या वरच्या टोकाला नाडी अडकली की मूल खाली सरकतं आणि गळा आवळला जातो. सायकलवरून आला असाल तर खेळायला चढण्याआधी हेल्मेटही उतरवा. अंग फटीतून जातं, हेल्मेट जात नाही आणि पट्टा हनुवटीखाली रुततो. निघताना दारातच मुलाचा एक फोटो काढा. मूल गर्दीत दिसेनासं झालं, तर आज कोणता शर्ट घातला होता ते घाबरलेल्या डोक्याला आठवत नाही.

बागेत पोचलात की मुलाचा हात धरूनच एक फेरी मारा. याला पाच मिनिटंही लागत नाहीत. फाटक नीट लागतं का? रस्ता, तळं, पाण्याचं टाकं किती जवळ आहे? स्वच्छतागृह कुठे आहे? मग खेळायच्या साधनांखाली बघा. वाळू किंवा लाकडाचा भुसा असेल तर थर साधारण 30 सेंटिमीटर हवा. झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी मुलांच्या पायांनी खड्डा पडतो आणि खालची टणक जमीन उघडी पडते. पायाने आजूबाजूची वाळू ओढून खड्डा बुजवा. लोक बघतात, बघू देत. कठड्याच्या गजांमधली फट 9 ते 23 सेंटिमीटर असेल तर लहान मुलाला तिथे जाऊ देऊ नका. पाय आधी घालून धड सहज बाहेर जातं, डोकं मात्र अडकतं. शेवटी घसरगुंडीवर, झोक्याच्या बैठकीवर आणि रबरी फरशीवर हाताची पालथी बाजू काही सेकंद टेकवा. तुम्हाला चटका बसला तर मुलाला बसणारच. प्लॅस्टिकही तापतं, फक्त पत्र्यावर संशय घेऊ नका.

आता घसरगुंडीची ती गोष्ट, जी सगळे प्रेमाने करतात. छोट्याला मांडीवर घेऊन घसरू नका. एकटं मूल घसरताना त्याचा बूट कडेला अडकला तर ते तिथेच थांबतं. तुमच्या मांडीवर असलं तर पाय अडकलेला राहतो आणि तुमचं वजन खाली जात राहतं. नडगीचं हाड मोडायला तेवढं पुरतं. एकट्याला उतरता येत नसेल, तर ती घसरगुंडी अजून त्याच्यासाठी नाही. लहानगी घसरगुंडी शोधा आणि बाजूला उभे राहा. हाच नियम शिडीला आणि जंगल जिमला. जिथे मूल स्वतः चढू शकत नाही, तिथे उचलून बसवू नका.

झोक्याचा धोका बसलेल्यापेक्षा समोरून धावणाऱ्याला जास्त. झोका जेवढ्या उंचीवर टांगलाय, त्याच्या दुप्पट जागा पुढे आणि तेवढीच मागे मोकळी हवी. पाळी लावायची तर झोके मोजा. ‘दहा झोके, मग ताईचे दहा’ हे चार वर्षांच्या मुलालाही पटतं, कारण तो स्वतः मोजतो. मुलांची बारीकसारीक भांडणं मात्र लगेच सोडवायला धावू नका. हात उगारला गेला तरच उठा.

बसायला सावलीतला बाक सगळ्यांनाच हवा असतो. फाटक आणि मूल दोन्ही एका नजरेत येतील असा बाक निवडा, थोडं ऊन लागलं तरी. दोन मोठी माणसं असतील तर ‘आता तू बघ’ असं तोंडाने म्हणा. नाहीतर तुम्हाला वाटतं ती बघतेय, तिला वाटतं तुम्ही.

निघणं हा खरा अवघड भाग. ‘पाच मिनिटांत निघायचं’ याचा लहान मुलाला काही बोध होत नाही. ‘अजून दोनदा घसरगुंडी, मग बूट’ असं सांगा, आणि दोनदा झाल्यावर खरंच निघा. एकदा ‘बरं, अजून एकदा’ म्हणालात की पुढच्या खेपेला तुमच्या दोनला काही किंमत उरत नाही. मी हे तीनदा केलंय.

हात साबण आणि पाण्याने धुवा. मातीने माखलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही. बूट फाटकापाशीच उलटे करून झटका. मूठभर वाळू तरी निघतेच.