युद्धात बेपत्ता झालेल्या माणसाचा शोध कुठून सुरू करायचा

आधी आपल्या देशातल्या रेड क्रॉस किंवा रेड क्रेसेंटकडे ट्रेसिंग रिक्वेस्ट (बेपत्ता माणसाचा शोध घ्यायचा अर्ज) टाका, पैसे लागत नाहीत, आणि कुणी "आतून माहिती काढून देतो" म्हणत पैसे मागितले तर सरळ कटवा, असले लोक अशा घरांच्या मागे लागतातच. फॉर्ममधे पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, शेवटचं कुठे दिसला, कुणी उचलून नेलं सगळं टाका, आणि नाव ज्या ज्या स्पेलिंगने लिहिता येईल तेही, कारण कैद्यांच्या यादीत बऱ्याचदा लिहिणाऱ्याला ऐकू आलं तसंच नाव उतरवलेलं असतं. जुनं फ्रॅक्चर, पडलेला दात हेसुद्धा लिहा, जड जातं पण ओळख पटवायला हेच कामी येतं. डीएनए घ्यायची सोय असेल तर आईवडील हयात असतानाच त्यांचं सॅम्पल देऊन ठेवा, बोस्नियातल्या स्रेब्रेनिकाच्या हत्याकांडातल्या (१९९५) हजारो मृतांची ओळख अशीच पटली.

माणूस सैनिक नव्हता म्हणून कुणी टोलवायला लागलं तर ऐकू नका, १९४९ चं चौथं जिनिव्हा कन्व्हेन्शन, म्हणजे युद्धाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, सिव्हिलियन्ससाठीच आहे. नाझी काळातलं कुणी शोधत असाल तर जर्मनीतल्या आरोल्सन आर्काइव्ह्जला (नाझींच्या बळींची कागदपत्रं सांभाळणारी संस्था) विचारा, तेही फुकट. आणि हो, फोन नंबर बदलला की जिथे अर्ज दिलाय तिथे लगेच कळवा, फाइल वर्षानुवर्षं उघडी राहते.