होसे सारिया यांचे चरित्र मराठीत कसे लिहावे

सॅन फ्रान्सिस्कोचे समलिंगी हक्क कार्यकर्ते होसे सारिया यांच्यावर लिहायला बसले की पहिला मोह होतो तो १९६१च्या निवडणुकीपासून सुरुवात करण्याचा. आपले समलिंगी असणे न लपवता अमेरिकेत सार्वजनिक पदासाठी उभे राहिलेले ते पहिले उमेदवार मानले जातात, त्यामुळे हा मोह स्वाभाविक आहे. तरीही तो आवरावा. त्यांचा मतदार घडला तो माँटगोमेरी रस्त्यावरच्या ब्लॅक कॅट या बारमध्ये, म्हणून लेखाचे पहिले दृश्य तिथलेच असावे.

ते उभे करताना तपशिलांच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये. सारिया तिथे स्त्रीवेषात ऑपेरांची विडंबने सादर करीत. त्यांनी ‘कार्मेन’ची नायिका आपल्याच शहरात आणली होती आणि ती युनियन स्क्वेअरच्या झुडपांत दडून पोलिसांना चुकवीत असे. ज्यांना त्याच पोलिसांची रोज धास्ती, ते लोक समोर बसून खळखळून हसत. शेवटी सारिया सर्वांना उभे करीत आणि ब्रिटिश राष्ट्रगीताच्या चालीवर ‘देवा, आम्हा राण्यांचे रक्षण कर’ (‘राणी’ म्हणजे त्यांच्या बोलीत समलिंगी पुरुष) अशा अर्थाचे स्वतःचे शब्द गाऊन घेत. एकेकट्याने घाबरणारी माणसे इथे एका सुरात गात होती, हे वाचकाला जाणवले नाही तर पुढचे राजकारणही कळणार नाही.

त्यानंतर कायदा सांगावा. केवळ समलिंगी ग्राहक जमतात म्हणून दारूचा परवाना रोखता येणार नाही, असा निर्वाळा कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये ब्लॅक कॅटच्याच खटल्यात दिला होता. पण छळ थांबला नाही. फसवण्याच्या हेतूने वेषांतर करणे हा गुन्हा असल्याने स्त्रीवेषातील पुरुषांना पोलीस पकडत. त्यावर सारिया यांनी मांजराच्या तोंडाच्या आकाराच्या चिठ्ठ्या वाटल्या. ‘मी मुलगा आहे’ असे लिहिलेली चिठ्ठी कपड्यावर लावली की फसवणुकीचा आरोपच उरत नसे. ही चिठ्ठी लेखात ठळकपणे यावी, कारण त्यांची नाट्यबुद्धी आणि कायद्याची जाण तिच्यात एकत्र दिसते. पकडले गेलेल्यांनी मुकाट्याने गुन्हा कबूल न करता खटला लढवावा, असाही त्यांचा आग्रह असे.

शब्द निवडताना विशेष काळजी घ्यावी. ‘ड्रॅग’ (म्हणजे कार्यक्रमासाठी पुरुषाने घेतलेला स्त्रीवेष) हा शब्द तसाच ठेवावा. त्याजागी ‘तृतीयपंथी’ लिहिल्यास रंगमंचावरचा वेष आणि माणसाची लिंगओळख या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. मराठी वाचकाला बालगंधर्व आठवणारच, आणि ती तुलना टाळण्याचे कारण नाही, मात्र तिची मर्यादा सांगून टाकावी: आपल्याकडे स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाला समाजमान्यता होती, बालगंधर्वांचे शालू तर घराघरांत चर्चिले जात, तर सारियांच्या नगरात तोच वेष अटकेचे निमित्त होता.

मग निवडणूक. नगरमंडळाच्या पाच जागांसाठी झालेल्या लढतीत सारिया नववे आले आणि त्यांना सुमारे ५,६०० मते मिळाली. ‘पराभव झाला’ एवढ्यावर हे वाक्य सोडू नये. या मतदारांची दखल घ्यावी लागेल, हे त्या आकड्याने शहरातील राजकारण्यांना दाखवून दिले, आणि १९७७ मध्ये आपले समलिंगी असणे न लपवणारे हार्वे मिल्क त्याच मंडळावर निवडून आले.

ब्लॅक कॅटचा परवाना १९६३ मध्ये गेला आणि पुढच्या वर्षी बार बंद पडला, हे थोडक्यात सांगितले तरी चालते. १९६५ मध्ये सारिया यांनी स्वतःला सम्राज्ञी घोषित केले, त्याला मात्र दोन ओळी अधिक द्याव्यात. १८५९ मध्ये त्याच शहरात जोशुआ नॉर्टन नावाच्या गृहस्थाने स्वतःला अमेरिकेचा सम्राट जाहीर केले होते. सारिया यांनी त्याची विधवा म्हणून ‘विडो नॉर्टन’ हे बिरुद घेतले आणि त्यातून पुढे धर्मादाय निधी उभारणाऱ्या ‘दरबारां’चे जाळे पसरले. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या कोल्मा येथील दफनभूमीत ते नॉर्टनच्या कबरीजवळच विसावले आहेत.