घरच्या वस्तूंनी पाण्याचे गुणधर्म कसे तपासावेत: पाच प्रयोग आणि त्यांचा सजीवांशी संबंध

हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जवळपास दुप्पट जड आहे, तरी तो उणे ६० अंश सेल्सियसलाच उकळतो. पाणी मात्र १०० अंशांपर्यंत द्रव राहतं, कारण पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे रेणूची ती बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजू किंचित धन होतात. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे खेचला जातो. हाच हायड्रोजन बंध. ही पकड नसती, तर आपल्या नेहमीच्या तापमानाला पाणी वायूच असतं. पुढचे पाचही प्रयोग या पकडीचे आहेत.

साहित्य: औषधाच्या बाटलीचा ड्रॉपर, एक रुपयाचं नाणं, भांडी घासायचा लिक्विड साबण, खायचा लाल रंग, स्टीलच्या दोन सारख्या बाटल्या, जुन्या सुती पंचाचा तुकडा, वाटीभर शेंगदाणा तेल आणि ० ते १०० अंशांचा प्रयोगशाळेतला थर्मामीटर. तापाचा थर्मामीटर चालणार नाही, तो साधारण ३५ ते ४२ अंशच दाखवतो.

१. नाण्यावरचा फुगवटा

नाणं साबणानं घासा, भरपूर पाण्यानं धुऊन कोरडं करा आणि सपाट ओट्यावर ठेवा. ड्रॉपर नाण्याच्या जेमतेम एक सेंटिमीटर वर धरून एकेक थेंब सोडा आणि मोजत जा. वीस-पंचवीस थेंब सहज मावतात. शेवटी शेवटी डोळे ओट्याच्या पातळीवर आणून बाजूनं बघा: पाणी कडेच्या वर चढून घुमटासारखं फुगलेलं असतं आणि प्रत्येक नव्या थेंबाला थरथरतं, पण सांडत नाही. आता टूथपिकचं टोक साबणात बुडवून घुमटाला नुसतं लावा. पाणी त्याच क्षणी पसरून वाहून जातं.

पाचसात थेंबांतच पाणी सांडलं, तर नाण्यावर साबण राहिलेला असतो किंवा ओटा उताराचा असतो. पहिलं कारण जास्त वेळा सापडतं. स्वच्छ, न वापरलेलं नाणं घेऊन पुन्हा करा.

पृष्ठभागावरच्या रेणूंना वरून ओढणारं पाणी नसतं, म्हणून ते खाली आणि बाजूंना खेचले जातात आणि पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. यालाच पृष्ठताण म्हणतात. आग्नेस पॉकेल्स या जर्मन बाईंनी स्वयंपाकघरात, पत्र्याच्या साध्या पात्रात याची नेमकी मोजमापं केली. त्यांनी ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना ती पत्रानं कळवली, आणि रॅले यांनी ते पत्र १८९१ साली प्रसिद्ध करवून घेतलं. घरगुती प्रयोग हलका समजू नये, तो त्यामुळेच.

डासाची अळी पाण्याच्या याच पडद्याला खालून लटकते आणि नळी वर काढून हवा घेते. साचलेल्या पाण्यावर तेल टाकलं की हा पडदा मोडतो, नळीही बुजते आणि अळी मरते. आपल्या फुप्फुसांत मात्र पृष्ठताण हे संकट आहे. फुप्फुसातले वायुकोश आतून ओले असतात, आणि साध्या पाण्याचा ताण असता तर श्वास सोडताना ते मिटून चिकटले असते. म्हणून फुप्फुसातल्या पेशी साबणासारखं काम करणारा सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ स्रवतात. गर्भात हा पदार्थ शेवटच्या काही आठवड्यांत पुरेसा तयार होतो, म्हणूनच फार लवकर जन्मलेल्या बाळाला धाप लागते आणि त्याला तो नळीवाटे बाहेरून द्यावा लागतो. टूथपिकच्या टोकानं नाण्यावर जे केलं, तेच काम तो तिथे करतो.

२. तेरड्याच्या देठातून चढणारं पाणी

श्रावण-भाद्रपदात, गौरीसाठी तेरडा बाजारात येतो तेव्हा हा प्रयोग करावा. तेरड्याचा देठ अर्धपारदर्शक असतो, त्यामुळे आतली रंगाची रेघ बाहेरून दिसते. इतर वेळी पांढरी गुलछडी किंवा शेवंती घ्या.

ग्लासात १०० मिलिलिटर पाणी घेऊन त्यात लाल रंगाचे २० थेंब टाका. पाणी गडद हवं, फिकं गुलाबी नको. १५ ते २० सेंटिमीटरच्या, पानं असलेल्या तीन सारख्या काड्या निवडा. त्यांची टोकं पाण्याच्या परातीत बुडवून, पाण्यातच धारदार सुरीनं तिरकी कापा आणि लगेच रंगीत पाण्यात ठेवा. पहिली काडी तशीच राहू द्या. दुसरीची सगळी पानं काढा. तिसरीवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैल बांधा. तिन्ही वारा असलेल्या सावलीत ठेवून दर अर्ध्या तासानं रंग कुठवर चढला ते पट्टीनं मोजा. तेरड्यात तासा-दोन तासांत लाल रेघा दिसतात. पाकळ्या रंगायला गुलछडीला रात्रभर लागू शकते.

हवेत कापलं तर देठातल्या नळ्यांत हवेचा बुडबुडा शिरतो आणि पाण्याची सलग तार तुटते. मग पाणी भरपूर असूनही काडी मान टाकते. फूलदाणीतली फुलं लवकर कोमेजतात त्याचंही हे एक कारण. हळद किंवा कुंकू रंग म्हणून वापरू नका, त्यांचे कण पाण्यात विरघळत नाहीत आणि नळ्यांची तोंडं बुजवतात.

पहिल्या काडीत रंग सर्वांत भरभर चढतो, आणि खरं शिकण्यासारखं तिथेच आहे. 'केशाकर्षणानं (म्हणजे अरुंद नळीत पाणी आपोआप वर चढतं त्या गुणानं) पाणी झाडात चढतं' असं सर्रास सांगितलं जातं, ते अपुरं आहे. देठातली नळी ०.०५ मिलिमीटर व्यासाची धरली, तर केशाकर्षणानं पाणी जेमतेम ६० सेंटिमीटर चढेल. नारळाचा शेंडा वीस मीटरवर असतो. तिथवर पाणी ओढतात ती पानं. पर्णरंध्रांतून, म्हणजे पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून, पाण्याची वाफ बाहेर पडते, जाणारा रेणू मागच्याला ओढतो, तो त्याच्या मागच्याला, आणि ही ओढ मुळांपर्यंत पोचते. डिक्सन आणि जॉली या आयर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये हे मांडलं. पानं काढली किंवा पिशवीत दमट हवा कोंडली की ओढ कमी होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या काडीचे आकडे तेच सांगतात.

३. ओला पंचा आणि माठ

दोन्ही बाटल्यांत सारख्याच तापमानाचं एक-एक लिटर पाणी भरा. एकीला ओल्या पंचाचे दोन वेढे द्या, दुसरी उघडी ठेवा. दोन्ही सावलीत, वाऱ्यात ठेवून दर पंधरा मिनिटांनी तापमान लिहा. पंचा सुकत आला की पुन्हा ओला करा.

एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना साधारण ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. म्हणजे पंचातून दहा ग्रॅम पाणी उडालं आणि सगळी उष्णता बाटलीतूनच घेतली गेली, तर लिटरभर पाणी सुमारे सहा अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात बाहेरची हवाही उष्णता पुरवते, म्हणून घट कमी दिसते. मे महिन्यात अकोल्यात फरक ठळक येईल, जुलैत मुंबईत जवळजवळ येणारच नाही, कारण दमट हवेत पाणी फारसं उडत नाही. घामाचंही असंच आहे. नुसता ओघळून गेलेला घाम अंग थंड करत नाही, सुकलेला करतो. म्हणून दमट उकाड्यात कष्टाचं काम जास्त धोक्याचं.

माठ गार होत नसेल तर बाहेरून हात फिरवून बघा. ओल लागली नाही तर क्षारांनी छिद्रं बुजलेली आहेत. नारळाच्या काथ्यानं आतून-बाहेरून घासा, साबण लावू नका. ऑइल पेंट दिलेला माठ पाझरतच नाही, तो घेऊच नये.

४. तेलातला बर्फ

रंगीत पाण्याचा बर्फ करा आणि काचेच्या ग्लासात शेंगदाणा तेल घेऊन त्यात एक खडा सोडा. बर्फ तेलात जेमतेम तरंगतो, पण वितळलेला प्रत्येक थेंब टपोरा होऊन सरळ तळाला जातो. गोठताना रेणू ठरावीक अंतरावर जाळीसारखे बसतात आणि पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. (हे तेल थेट कढईत ओतू नका, पाण्यानं उडेल. रात्रभर निवळू द्या आणि वरचं तेल दिव्याला वापरा.)

पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंशांला. म्हणून काश्मीरचं दल सरोवर गोठतं तेव्हा बर्फाचा थर वर राहतो, खाली पाणी टिकतं आणि मासे जगतात. पेशीच्या आत मात्र हाच बर्फ घातक ठरतो. निफाडला थंडीची लाट आली की द्राक्षबागायतदार पहाटे बागेला पाणी देतात, शेकोट्या पेटवतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. ते एक अंश उतरताना दर ग्रॅमला एक कॅलरी आणि गोठलंच तर आणखी ८० कॅलरी सोडतं. तेवढ्या उबेवर कोवळे मणी वाचू शकतात.

५. उकळण्याआधीचे बुडबुडे

नळाचं ताजं पाणी पातेल्यात मंद आचेवर ठेवा. ५०-६० अंशांच्या आसपास कडेला बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतील. ही वाफ नव्हे, पाण्यात विरघळलेली हवा आहे. पाण्याचे रेणू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की ऑक्सिजनला मुळात थोडीच जागा मिळते, आणि तापमान वाढलं की तीही घटते: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्याच वेळी माशाची ऑक्सिजनची गरज मात्र उन्हाळ्यात वाढते. उन्हाळी पहाटे मासे तोंड वर काढून पृष्ठभागाशी आले, तर त्यांना भूक लागली असं समजून खाणं टाकू नका. उरलेलं खाणं सडतं आणि आहे तो ऑक्सिजनही संपवतं.

घरच्या माशांच्या टाकीत उकळून गार केलेलं पाणी कधीच थेट ओतू नये, त्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. दोन पातेली घ्या आणि चहा गार करताना ओततो तसं, हातभर उंचीवरून वीसेक वेळा पाणी इकडून तिकडे करा. मग टाकीच्या पाण्याशी तापमान जुळवा आणि एका वेळी चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त पाणी बदलू नका.