घरात सापडलेल्या जुन्या नोटांना खरंच किंमत आहे का, हे कसं बघायचं

आजोबांच्या कपाटातून किंवा मावशीच्या पर्सच्या चोरकप्प्यातून जुन्या नोटा निघाल्या की लगेच वाटतं, लागली लॉटरी! पण नोट जुनी म्हणजे महाग असं काही नसतं. १९२३ ला जर्मनीत महागाई इतकी भडकली की कोट्यवधी मार्कांच्या नोटा ढिगाने छापल्या, आज शंभर वर्षं उलटली तरी त्यातल्या बऱ्याचशा मातीमोल भावात मिळतात, कारण अजून खंडीभर शिल्लक आहेत. किंमत ठरते ती त्या नोटा किती उरल्यात, कोणत्या अवस्थेत आहेत आणि घेणारे किती आहेत यावर.

सगळ्यात आधी नोटा आहेत तशा राहू द्या. धुवायच्या नाहीत, इस्त्री करायची नाही, फाटलेलीला सेलोटेप तर अजिबात नाही. इस्त्रीने छपाईचा उठाव बसतो आणि जाणकाराला ते लगेच कळतं. आणि हो, बंडल असेल तर सोडवू नका, ओळीने नंबर असलेल्या नोटा एकत्रच जास्त आवडतात लोकांना.

मग नोट नेमकी कोणती ते ओळखा. देश, रक्कम, साल, छापणारी बँक, आणि सही! सहीकडे बरेच जण बघतच नाहीत, पण तीच नोट एका गव्हर्नरच्या सहीची भरपूर मिळते आणि दुसऱ्याची कारकीर्द छोटी असेल तर तिची शोधून सापडत नाही. हे सगळं नुमिस्टासारख्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये फुकटात ताडून बघता येतं. तिथे पिक नंबर (त्या प्रकारच्या नोटेचा ओळख क्रमांक) दिसेल, आल्बर्ट पिक यांच्या कॅटलॉगवरून पडलेला, तो लिहून ठेवा, पुढे भाव शोधताना तोच कामाला येतो.

आता सिरीयल नंबर. सगळे आकडे सारखे, ००००१२ सारखा लहान नंबर, उलटसुलट वाचला तरी तोच येणारा नंबर, याला शौकीन जास्त देतात. नंबरात स्टार असेल तर तेही बघा, अमेरिकेच्या आणि भारताच्या नोटांवर छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी टाकलेल्या नोटेला स्टार असतो. पण स्टार दिसला म्हणून नाचू नका, काही सिरीजमध्ये त्याही भरपूर आहेत.

खरा खेळ अवस्थेचा. नोट कडेने धरून उजेडात तिरकी करून बघा, मधली घडी, कोपरे दुमडलेले, टाचणीची किंवा स्टेपलची भोकं, पेनने लिहिलेले हिशोब (हे आपल्या माणसांनी हमखास केलेलं असतं). एकही घडी नसलेली करकरीत नोट आणि तीच नोट खिशात फिरून मऊ झालेली, यांच्या भावात कितीतरी पट फरक पडतो. नोटेची अवस्था तपासणाऱ्या ग्रेडिंग कंपन्या १ ते ७० मध्ये मार्क देतात, पण त्याची फी लागते, म्हणून नोट तेवढ्या मोलाची वाटली तरच पाठवा.

भाव बघताना लोक काय मागतायत ते नाही, काय भावाला विकली गेली ते बघा. लिलाव कंपन्यांच्या साइटवर जुन्या विक्रीचे आकडे असतात, तुमच्या नोटेच्याच अवस्थेतली नोट शोधा. कुणी "तुमची नोट लाखोंना घेतो, आधी रजिस्ट्रेशन फी भरा" म्हणाला की फोन ठेवा, तो चोर आहे.

संग्राहकाला नको असलेली नोटही कधीकधी बँकेत बदलून मिळते. युरो येण्याआधीचे जर्मन मार्क (वरचे १९२३ चे नव्हे) जर्मनीची मध्यवर्ती बँक, म्हणजे बुंडेसबँक, अजूनही बदलून देते, फ्रेंच फ्रँकची मुदत मात्र २०१२ लाच संपली. तोवर नोटा पीव्हीसी नसलेल्या पाकिटात सपाट ठेवा, पीव्हीसीने कागद चिकट होऊन खराब होतो.