थंडीची लाट आली की घरात ऊब कशी टिकवावी

पारा झपाट्याने उतरायला लागला की बहुतेकांना आधी हीटर आठवतो. पण फटींतून गार वारा येत असेल तर हीटर रात्रभर चालूनही अंगावरची शाल निघत नाही. म्हणून आधी ऊब कुठून निसटते ते शोधायचं आणि मग गरज उरेल तेवढीच उष्णता तयार करायची.

एकच खोली धरा

कडाक्याच्या थंडीत सगळं घर उबदार ठेवायच्या फंदात पडू नका. ज्या खोलीच्या भिंती कमीत कमी बाहेरच्या बाजूला आहेत आणि जिच्या खिडकीतून दिवसा ऊन येतं, अशी लहान खोली निवडा. दिवसाचा बराच वेळ आणि झोप तिथेच. जागतिक आरोग्य संघटना घरातलं तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावं असं सांगते, वृद्ध आणि आजारी माणसांसाठी त्याहून थोडं जास्त. थर्मामीटर आतल्या भिंतीवर छातीच्या उंचीला लावा. हीटरच्या वर लावला तर खोटा दिलासा मिळतो.

फटी शोधा आणि बुजवा

पंखे बंद करून दारं-खिडक्या लावून घ्या. पेटती उदबत्ती चौकटीपासून चार बोटं दूर धरून हळूहळू फिरवा, पडदे मात्र आधी बाजूला सारा. धूर सरळ वर न जाता एका बाजूला ओढला गेला की तिथे फट आहे. दाराचा तळ, सरकत्या खिडकीच्या दोन झडपांचा सांधा आणि वायर किंवा एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक या हमखास सापडणाऱ्या जागा.

चौकटीला चिकटणारी फोमची पट्टी लावा. झडप लावल्यावर ती साधारण निम्मी दबली पाहिजे. फार जाड घेतली तर कडी बसत नाही, पातळ घेतली तर वारा येतच राहतो. लावण्याआधी चौकट पुसून पूर्ण कोरडी करा, कारण धुळीवर चिकटवलेली पट्टी लवकरच सोलून येते. दाराच्या तळाशी जुनी चादर घट्ट गुंडाळून ठेवली तरी काम भागतं. खिडकीच्या काचेवर पाणी फवारून बबल रॅप बसवा, फुगे काचेकडे. गोंद लागत नाही. सूर्य मावळायच्या आत पडदे ओढा.

याच खोलीत ओले कपडे वाळत घालू नका. बंद खोलीत ती ओल गार भिंतींवर बसते आणि बुरशी धरते.

हीटर आणि विस्तव

२००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर करंट ओढतो. ६ अँपिअरच्या साध्या एक्स्टेन्शन बोर्डाला तो झेपत नाही. वायर तापते, वरचं आवरण मऊ पडतं आणि आग लागते. हीटर थेट भिंतीतल्या मोठ्या सॉकेटमध्येच लावा. पंधरा मिनिटांनी प्लगला हात लावून बघा, चटका बसत असेल तर तो सॉकेट वापरू नका. पडदे, अंथरूण, कागद यांपासून एक मीटर अंतर ठेवा आणि झोपताना हीटर बंद करा.

कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नको. धूर निघत नाही म्हणजे धोका नाही, हा समज जीव घेतो. लाल निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. राखेखाली झाकलेले निखारेही तो सोडतच राहतात. खोली उबवायला गॅसची शेगडी पेटती ठेवणंही तितकंच वाईट. घरात एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखतंय, मळमळतंय, गरगरतंय आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, असं झालं तर सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेरूनच मदत बोलवा. खोलीत विस्तव नसला तरी गॅस गीझर किंवा चूल वापरणाऱ्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावाच.

अंगावर आणि अंथरुणात

एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन सैलसर थर बरे, कारण ऊब धरते ती थरांमध्ये अडकलेली हवा. घट्ट मोजे एकावर एक चढवले की रक्त पोचत नाही आणि पाय अधिकच गार पडतात.

जमिनीवर झोपत असाल तर पांघरुणाइतकंच लक्ष खाली द्या. गादी अंगाच्या वजनाने दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि फरशीचा गारठा थेट पाठीला लागतो. गादीखाली सतरंजी किंवा पुठ्ठे घाला.

गरम पाण्याच्या पिशवीत उकळतं पाणी ओतू नका, ते आधी काही मिनिटं निवू द्या. पिशवी दोन तृतीयांश भरा, दाबून आतली हवा काढा, मग झाकण लावा आणि वर कापडी खोळ घाला. ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, विशेषतः मधुमेहींच्या, त्यांच्या अंथरुणातून ती झोपण्याआधी काढून घ्या, कारण भाजलेलं त्यांना कळत नाही. तान्ह्या बाळाजवळ ती ठेवूच नका. बाळाला सुटं पांघरूणही नको, कपड्यांचे थर द्या. हातपाय गारच असतात, ऊब बघायची ती मानेच्या मागे किंवा छातीवर.

म्हातारी माणसं ‘मला नाही वाजत थंडी’ म्हणतात, त्यावर विसंबू नका. बोलणं अडखळतंय, बटण लागत नाही, माणूस गोंधळलाय, हुडहुडी भरायची थांबलीय, ही धोक्याची चिन्हं. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं तर तातडीने डॉक्टर हवा. काचेचे जुने तापमापक त्याखाली मोजतच नाहीत, त्यामुळे पारा हलला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. मदत येईपर्यंत ओले कपडे काढा, आधी छाती आणि मान उबदार करा. हातपाय चोळू नका, दारू पाजू नका.

नळ गोठण्याआधी

पाण्याचं बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि पाइप फुटतो. बाहेरच्या पाइपांवर फोमची नळी चढवा, कोपरे आणि सांधे उघडे ठेवू नका. रात्री पारा शून्याच्या बराच खाली जाणार असेल तर शेवटचा नळ अगदी बारीक धारेने चालू ठेवा. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराची दारं उघडी ठेवा, म्हणजे तिथल्या पाइपांना घरातली ऊब मिळेल. पिण्यासाठी माणशी तीन-चार लिटर पाणी भरून ठेवा.

पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे हे आजच बघा आणि फिरवून पाहा, वर्षानुवर्षं न हललेला कॉक ऐनवेळी जाम असतो. पाइप गोठलाच तर आधी नळ उघडा, मग नळाकडून सुरुवात करून गोठलेल्या भागाकडे गरम ओल्या फडक्याने शेकत जा, म्हणजे वितळलेल्या पाण्याला वाट मिळते. उघडी ज्योत लावू नका. फुटलेला पाइप बर्फ असेपर्यंत गळत नाही, त्यामुळे पाणी सुरू झाल्यावर तासाभराने सगळे सांधे हाताने चाचपून बघा.