लंच ब्रेकमध्ये ठाणे स्टेशनवर लोकलचे फोटो

डबा पंधरा मिनिटांत उरका आणि प्लॅटफॉर्म तिकीट काढा, १० रुपयांत दोन तास चालतं, पास असेल तर तेही नको. दुपारचं ऊन डोक्यावर असतं त्यामुळे शेडखाली काळोख आणि बाहेर सगळं पांढरंफट्ट, म्हणून शेड संपते तिथे प्लॅटफॉर्मच्या टोकाला जा, पण पिवळ्या पट्टीच्या आतच हां. फास्ट लोकलला शटर (म्हणजे फोटो टिपायचा वेळ) १/१००० सेकंद ठेवा. गंमत म्हणजे एलईडी भराभर लुकलुकत असतात, त्यामुळे तेवढ्या कमी वेळात गाडीच्या तोंडावरचा एलईडी इंडिकेटर अर्धवटच येतो, 'कल्याण' वाचताच येत नाही! तो हवा असेल तर थांबणारी गाडी पकडा आणि शटर १/१०० वर आणा. फ्लॅश अजिबात नको, मोटरमनच्या डोळ्यावर येतो. पोलिसाने हटकलं तर वाद न घालता निघा.