ऐन पोळ्यांच्या वेळी बेलीफ आला

माझी खानावळ आहे. मोठ्या शेगडीसाठी आणि फ्रीजसाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते थकले, तेव्हा बेलीफ (कोर्टाचा माणूस) समन्स, म्हणजे कोर्टात हजर राहण्याचा हुकूम, घेऊन आला तो ऐन पोळ्यांच्या वेळी. शेजारीण म्हणाली, "घेऊच नकोस." तिचं ऐकू नका. नाकारलं तरी समन्स बजावलं असं धरता येतं आणि दावा एकतर्फी, म्हणजे आपली बाजू न ऐकताच, चालतो. सही करा, खाली तारीख घाला. मुदत तिथून मोजतात.

साध्या दाव्यात लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस, कोर्टाने कारण मानलं तर जास्तीत जास्त ९०. समन्सवर 'आदेश ३७' (झटपट चालणारा दावा) दिसला तर मात्र १० दिवसांतच हजेरी नोंदवावी लागते.

रात्री भांडी आवरून मी दाव्याची नक्कल घेऊन बसले. त्यातल्या कलम ४ मध्ये लिहिलं होतं, 'प्रतिवादीने जूननंतर एकही हप्ता भरला नाही.' प्रतिवादी म्हणजे मी, जिच्यावर दावा आहे ती. वसुलीवाल्याच्या दोन पावत्या तर माझ्या हिशेबाच्या वहीत होत्या! मी लिहिलं: 'कलम ४ मधील मजकूर खरा नाही व प्रतिवादीस कबूल नाही. जुलै व ऑगस्टचे प्रत्येकी ६,००० रुपये रोख भरले, पावत्या सोबत.' असंच प्रत्येक कलमाला उत्तर द्या. 'सगळं खोटं' असं मोघम लिहिलं तर कामाचं नाही. जे नेमकं नाकारलं नाही ते कबूल धरलं जाऊ शकतं. कर्ज घेतलं होतं, ते मी सरळ मान्य केलं.

दावा मुदतीत लावलाय का, तेही तपासा. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षं असतात. पण त्या आत तुम्ही सही करून कर्ज कबूल केलं असेल, तर मोजणी नव्याने सुरू होते. म्हणून वसुलीवाल्याच्या कोऱ्या कागदावर सही नको.

कैफियतीखाली सत्यापन ('वर लिहिलेलं खरं आहे' असा मजकूर) आणि सही, सोबत प्रतिज्ञापत्र आणि कागदांची यादी. एक प्रत वादीच्या, म्हणजे दावा लावणाऱ्याच्या, वकिलांना द्या, आपल्या प्रतीवर 'मिळाली' अशी त्यांची सही घ्या. तारखेला पुकारा झाला की पुढे जाऊन "प्रतिवादी स्वतः हजर" म्हणायचं. माझे पाय लटपटले होते, चालतं.

बायकांना उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हे मला कैफियत देऊन झाल्यावर कळलं!

माझं प्रकरण लोकअदालतीत, म्हणजे तडजोडीने वाद मिटवतात तिथे, मिटलं. त्या दोन पावत्या वजा झाल्या, व्याज कमी झालं, उरलेले चार हप्त्यांत. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. मी तडजोडीचा कागद दोनदा वाचला, आकडा बोटाने मोजला, मग सही केली.